केराबाईची जोखीम

भीमेच्या काठावर, मंद्रूपच्या खालच्या अंगाला, केराबाई नावाची एक धनगरीण लोकांना काहिलीतून पैलतीरी नेत असे. काहिल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. आमच्या भागात होड्या कमी आणि काहिली पुष्कळ, त्यामुळे नदीला उतार नसला की माणसं कढईतच बसायची. पहिल्यांदा बसणाऱ्याची छाती धडधडते. माझीही धडधडली होती. पण मला तिच्याबद्दल सांगायचं आहे.

मी तेव्हा सोलापुरात मराठी शाळेवर मास्तर होतो. घरी कानडी, शाळेत मराठी, गल्लीत विणकरांची तेलुगू आणि बाजारात दखनी उर्दू, असं सगळं कानावर पडत वाढलो. पुण्यात एका शब्दकोशाचं काम चालू होतं. त्यासाठी मी सुटीच्या दिवशी खेड्यापाड्यांतून शब्द गोळा करायचो, कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायचो आणि टपालानं पाठवायचो. या नादानंच मी सन बत्तीसच्या उन्हाळ्यात मंद्रूपच्या बाजारला गेलो.

मेंढरांच्या बाजारात एका मेंढ्यावरून घासाघीस चालली होती. सोलापूरचा खाटीक म्हणत होता, मेंढा तीस शेरांच्या वर नाही. मालक चाळीस म्हणत होता. शेवटी कोणीतरी केराबाईला हाक मारली. चाळिशी ओलांडलेली, उंच, काळी, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं मेंढ्याच्या पोटाखाली हात घातला, त्याला जमिनीवरून वर उचललं, एक श्वासभर तसंच धरलं आणि खाली ठेवलं.

"पस्तीस शेर," ती म्हणाली.

खाटकानं मेंढा तागडीला टांगला. पस्तीस शेर भरून वर पावशेर.

"त्यो पावशेर भिजल्याल्या लोकरीचा हाय," केराबाई म्हणाली आणि निघाली.

मी तिच्या मागे गेलो. हे कसं कळतं, असं विचारलं.

"जोखल्यावर कळतंय की," ती म्हणाली. जोखणं म्हणजे तोलणं, अंदाज घेणं. हा शब्द माझ्याकडे आधीच होता, म्हणून मी चिठ्ठी काढली नाही. तेवढ्यात सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका सोनाराचा माणूस आला. पलीकडच्या गावात लग्न होतं. त्यानं तिच्या हातात फडक्यात बांधलेली लहानशी पुरचुंडी दिली आणि हळूच म्हणाला, "बाई, जोखीम हाय. जपून न्या." तिनं ती कमरेला खोचली.

मघाचं जोखणं आणि आता ही जोखीम, दोन्ही लागोपाठ ऐकून मी थबकलो. जोखीम हा शब्दही मी पूर्वीच लिहून पाठवला होता. अर्थ दिला होता: संकट, धोका.

"बाई, जोखीम म्हणजे काय हो?" मी विचारलं.

तिला वाटलं, मास्तर थट्टा करतोय. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "जोखीम म्हंजी लोकाचं. आपलं ते आपलंच असतंय. लोकानं इस्वासानं हातात दिल्यालं, ती जोखीम. सोनं असंल, न्हायतर माणूस असंल."

"आणि धोका?"

"त्यो संगं येतोच की. येगळा कशाला सांगाया पायजे."

त्या एका वाक्यानं माझी चिठ्ठी अर्धी फाटली म्हणा ना. सोलापूरला आल्यावर मी हेडमास्तरांना विचारलं. ते संस्कृतचे अभिमानी. त्यांनी सांगितलं, जोखीम हा योगक्षेमाचा अपभ्रंश. जे मिळालेलं नाही ते मिळवणं आणि मिळालेलं राखणं, दोन्ही त्यात आलं. शेजारच्या मागावरचा विणकर म्हणाला, आमच्या तेलुगूत जोकु म्हणजे वजन कर. आणि घरी आई, दाक्षायणी तिचं नाव, रोज मला दारातून बाहेर पडताना जे म्हणायची ते त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. "जोके," ती म्हणायची. म्हणजे जपून जा. या शब्दांची नाती खरी की नुसता कानांचा भास, ते मला आजही ठाऊक नाही. मी काही भाषापंडित नव्हे. पण एकाच गल्लीत एक जण तोलत होता, एक जण जपत होती, आणि मी मात्र फक्त संकट लिहून मोकळा झालो होतो.

त्यानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी केराबाईकडे जायला लागलो. तिची हकीकत मला अशीच तुकड्यातुकड्यानं कळली. बाप मेंढरं राखायचा. पोरगी सहा-सात वर्षांची असल्यापासून कोकरं उचलून वजन सांगायची. गुंडा नावाच्या माणसाशी लग्न झालं, तो काहिल चालवायचा. सन अठराच्या मानमोडीच्या साथीत तो तीन दिवसांत गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर ती स्वतः वल्हं घेऊन काठावर उभी राहिली, तेव्हा चार महिने तिच्या काहिलीत कोणी पाऊल टाकलं नाही. रांडमुंड बाईच्या हातून नदी ओलांडायची, हे लोकांना सोसेना. भाऊ बिरप्पा रागावला. ती रोज रिकामी काहिल घेऊन पलीकडे जायची आणि रिकामीच परत यायची. "का?" मी विचारलं होतं. "नदी वळखाया," ती म्हणाली. पाचव्या महिन्यात पलीकडच्या बजाबाईला माहेरी निरोप पोचवायचा होता, ती बसली. मग सगळेच बसले. चौदा वर्षांत तिच्या हातून एक कोंबडीसुद्धा बुडाली नव्हती.

सन तेहतीसचा भाद्रपद. त्या रविवारी आकाश अगदी निरभ्र होतं. सकाळी केराबाईनं मला पलीकडे सोडलं. पलीकडे विजापूर जिल्हा. तिथल्या वाडीत एक म्हातारा गोंधळी होता, त्याच्याकडचे शब्द मला हवे होते. दुपारनंतर परतायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला डिपोटी येणार होते, आणि माझ्या वर्गाची तयारी कच्ची होती.

तिसऱ्या प्रहरी काठावर आलो आणि नदी बघून उभाच राहिलो. इथं एक थेंब नाही, पण वर पुण्याकडे कुठंतरी धो धो पडला असावा. पाणी लाल झालं होतं आणि बघता बघता चढत होतं. सकाळी ज्या दगडावर मी चपला काढल्या होत्या तो दिसत नव्हता.

काठावर चार माणसं होती. महिपती नावाचा एक तरणा शेतकरी, घोंगडीवर आडवी पडलेली त्याची बायको रंभाबाई, तिच्या डोक्याशी तानाबाई सुईण, आणि बजाबाई. रंभाबाईचं मूल आडवं आलं होतं. हात बाहेर आला होता आणि पुढे काही सरकत नव्हतं. सोलापूरच्या दवाखान्यात पोचली तर वाचेल, असं तानाबाई म्हणाली. पलीकडे बैलगाडी, मंद्रूपहून सर्व्हिस मोटार. आडवी येत होती ती एकटी नदी.

ठरल्याप्रमाणे मला न्यायला आलेली केराबाई काहिलीपाशी उभी राहून पाण्याकडे बघत होती. ती वळली तेव्हा तिनं आम्हा प्रत्येकावर एकदा नजर फिरवली.

"चढत्या पान्यात चार माणसं," ती म्हणाली. "मी धरून चार."

रंभाबाईला न्यायचंच होतं. तानाबाईशिवाय तिला हलवता येत नव्हतं. दुसरं वल्हं मारायला महिपती लागत होता. हिशेब सरळ होता. जास्तीचा मी होतो.

"मास्तर," ती म्हणाली, "आज हितंच ऱ्हाता का? बजाबाईकडं."

मी काय बोललो ते मला अक्षरशः आठवतं. "उद्या डिपोटी येणार आहेत," मी म्हणालो. "दुसऱ्या खेपेला न्या."

"दुसरी खेप व्हायची न्हाय. पानी बगा की."

राहतो असं म्हणालो नाही. रंभाबाई कण्हत होती, महिपती माझ्याकडे बघत होता, आणि मी डिपोटीच्या शेऱ्याचा विचार करत होतो. एवढंच खरं आहे. त्याला नंतर किती रंग दिले तरी ते बदलत नाही.

केराबाई माझ्याजवळ आली. तिनं एक शब्द न बोलता माझ्या कमरेला हात घातला आणि मला, धोतर-कोट-टोपीसकट, जमिनीवरून वीतभर उचललं. परक्या बाईनं भर काठावर आपल्याला मेंढ्यासारखं उचलावं, याचा धक्का एवढा होता की मी हातपायही हलवले नाहीत. तिनं श्वासभर धरलं आणि खाली ठेवलं.

"दीड मणाला दोन शेर कमी," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "चला. सकाळी मी आणलंय तुमाला. नेऊन सोडाया पायजे."

मग तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट आवळला. हातातल्या चांदीच्या पाटल्या काढून बजाबाईच्या हातात दिल्या आणि तिच्या कानाशी काही बोलली. मला वाटलं, वल्हं मारताना पाटल्या आड येत असतील.

आम्ही निघालो. रंभाबाई मधे, तिच्या दोन्ही बाजूंना तानाबाई आणि मी, पुढे महिपती, मागे केराबाई. काहिलीचा काठ पाण्याच्या वर चार बोटं राहिला होता. पहिला पाव भाग गेलो तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा दोन्ही काठ लांब होते, आणि पाणी गोल फिरत आमच्याखालून चाललं होतं. मधल्या धारेला लाटा होत्या. पहिली लाट आत आली ती रंभाबाईच्या अंगावर पडली. मी टोपीनं पाणी उपसायला लागलो. दुसरी लाट आली, मग तिसरी. काठ आता दोन बोटं वर होता.

"महिपती, थांबू नगंस," केराबाई मागून म्हणाली. आवाज नेहमीचाच. "मास्तर, हे धरा."

तिनं आपलं वल्हं माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते धरलं, कारण कोणी काही हातात दिलं की माणूस धरतो. "डावीकडनं मारा. त्यो चिंचेचा शेंडा दिसतोय, तिकडं तोंड धरा," ती म्हणाली, आणि बसल्या जागेवरून मागे सरून पाण्यात उतरली.

उडी नाही. ओरडणं नाही. ओसरीवरून अंगणात उतरावं तशी उतरली. काहिल एकदम वर आली. काठ पाण्याच्या वर पुन्हा चार बोटं झाला. मी वळून पाहिलं तेव्हा तिचं डोकं आमच्यापासून दहा हात लांब होतं, मग वीस हात, मग लाल पाण्यात काही दिसलं नाही.

तानाबाईनं तोंडावर पदर दाबला. महिपती वल्हं मारणं थांबवून मागे बघत राहिला, तशी काहिल गरकन फिरली. "मार," मी म्हणालो, "ती म्हणाली थांबू नकोस, मार." माझा आवाज मलाच परका वाटला. मी आयुष्यात पहिल्यांदा वल्हं मारत होतो. चिंचेचा शेंडा सोडून मी दुसरीकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

पार पोचलो. कसं ते सांगता येणार नाही. रंभाबाईला गाडीत घातलं. बिरप्पा काठावर होता. बहीण कुठं, असं त्यानं विचारलं. महिपतीनं नदीकडे हात केला. बिरप्पा खाली बसला, पुन्हा उठला आणि काठाकाठानं खालच्या दिशेला पळत सुटला. त्याच्यामागे आणखी दोघे-तिघे. मी उभा होतो. हातात वल्हं तसंच होतं. कोणीतरी बोटं सोडवून ते काढून घेतलं.

मी त्या गाडीतून मंद्रूपला आणि मोटारीनं सोलापूरला आलो. दवाखान्यात रंभाबाईला आत नेलं. मूल पोटातच गेलं होतं. आई वाचली. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, तिथून मी तसाच शाळेत गेलो. हेडमास्तरांच्या टेबलावर पोस्टकार्ड होतं. डिपोटींनी तपासणी आठ दिवस पुढे ढकलली होती. कार्ड शनिवारीच आलं होतं. मला कळवायचं राहून गेलं, असं हेडमास्तर म्हणाले.

मी ते कार्ड दोनदा वाचलं. मग वर्गात गेलो, मुलांना शुद्धलेखन घातलं आणि खुर्चीत बसलो. मुलांनी पाट्या पुढे धरल्या तरी मला अक्षर दिसेना. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी मी कोणाशी काय बोललो, ते मला आठवत नाही. आईनं विचारलं, बरं नाही का. मी हो म्हणालो. तिला खरं सांगायचं धाडस झालं नाही.

बुधवारी दुपारी बिरप्पा शाळेच्या दारात उभा. तीन दिवस तो झोपलेला नसावा. मी उठून दाराशी गेलो. तो काय सांगणार ते मी मनात ऐकून ठेवलं होतं.

"बाई हाय," तो म्हणाला.

मला कळलंच नाही.

"हाय म्हंतो मी. जित्ती हाय. खाली चार कोसावर लागली. कानडी लोकांनी काडलीया. उजवा हात मोडलाय."

मी तिथंच पायरीवर बसलो. आनंद वगैरे काही झाला नाही. बिरप्पा माझ्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "बजाबाईनं पाटल्या धाडल्या माज्याकडं. निघायच्या आदी काडून दिल्या व्हत्या म्हनं. बोलली, मी न्हाय आली तर ह्या बिरप्पाला दे, आन शेरडं इकू नगं म्हनून सांग."

निघायच्या आधी. पाटल्या काढताना मी तिला पाहिलं होतं. तिला ठाऊक होतं. मला उचलून खाली ठेवलं तेव्हाच ठाऊक होतं की मधल्या धारेत एक माणूस कमी करावं लागणार, आणि ते कोणी, हेही ठरलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ती श्वासभराची वेळ आली, मी हवेत होतो ती. मी अपमान मोजत होतो. ती तिकडे स्वतःला तोलत होती.

पुढच्या रविवारी मी बिरप्पाच्या घरी गेलो. तिचा हात बांबूच्या कामट्यांनी बांधला होता, तोंड सुजलं होतं. मला बघून ती उठायला लागली. मी तिला बसवलं. रंभाबाईची हकीकत सांगितली. मूल गेलं हे ऐकून तिनं डाव्या हातानं आपला बांधलेला हात मांडीवर सारखा केला.

"आई वाचली की," मग म्हणाली.

मी तिला विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"जोखलं व्हतं."

"मग मला तिथंच ठेवायचं. एवढी जोखीम कशाला घेतली?"

तिला प्रश्नच कळला नाही असं तिनं माझ्याकडे पाहिलं. "जोखल्याबिगर जोखीम कोन घेतंय मास्तर," ती म्हणाली. "न जोखता घेतली तर ती येडेपना. तुमी सकाळी माज्या काहिलीत पाय ठिवला, तवाच माज्या हातात आलात. मी पवती. तुमी न्हाय. पान्यात उतरायला मीच व्हते की."

"मी राहतो म्हणायला हवं होतं."

तुमचं बरोबर आहे, किंवा काही बिघडलं नाही, यातलं एकही वाक्य ती बोलली नाही. मला ती शिक्षा पुरली.

त्या आठवड्यात मी पुण्याला नवी चिठ्ठी पाठवली. जोखणे: तोलणे, मनाशी अंदाज घेणे. जोखीम: विश्वासाने हाती दिलेली मौल्यवान वस्तू किंवा माणूस, तिचा भार, त्यापायी पत्करलेला धोका. खाली जागा उरली तिथं हेडमास्तरांचा योगक्षेम, विणकराचा जोकु आणि आईचं जोके लिहिलं. पहिली चिठ्ठी रद्द समजावी, असंही लिहिलं. त्यांनी त्यातलं काय घेतलं, मला कळलं नाही. डिपोटी येऊन गेले. शेरा ठीक होता.

हात जुळला, पण वाकडा. दिवाळीनंतर तिची काहिल एका गुऱ्हाळवाल्यानं नेली. मला वाटलं होतं, हातामुळे ती थांबली असेल. फाल्गुनात गेलो तेव्हा नदी आटून गुडघाभर पाण्यावर आली होती, बायका धुणी धूत होत्या. केराबाई घरी होती. पाणी ती लांबच्या विहिरीवरून आणायची, डाव्या हातानं, दोन-दोन फेऱ्या मारून. नदी दाराशी होती.

मी कारण विचारलं.

तिनं शेळीला पाला टाकला. मग खालच्या आवाजात, कोणी ऐकू नये अशी, म्हणाली, "भ्या वाटतं मास्तर. काठावर गेले की पाय कापत्यात. चौदा साल नदीत काडलं, कदी वाटलं न्हाय. आता गुडग्याएवड्या पान्याचं भ्या वाटतं. ह्ये काय मी जोखलं नव्हतं."

मी तिच्याशेजारी बसून राहिलो. बाहेरून बायकांचे आवाज येत होते, दगडावर धुणं आपटत होतं. थोड्या वेळानं ती उठली, डोक्यावर घागर घेतली आणि विहिरीच्या वाटेला लागली. मी दुसरी घागर उचलून तिच्या मागे गेलो.